सिकलसेल असताना दिव्यांग प्रमाणपत्र आणि निराधारचे पैसे: अर्ज कसा करायचा, सुरुवातीपासून सगळं

मला सिकलसेल आहे, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, एसएस पॅटर्न, चौथीत असताना कळलं. माझं दिव्यांग प्रमाणपत्र दुसऱ्या खेपेला नीट झालं आणि पहिल्या खेपेला जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे लिहून ठेवतेय. आमच्या चंद्रपूरकडे, गडचिरोलीकडे, नंदुरबार साईडला घराघरात सिकलचे पेशंट आहेत पण अर्ज केलेले फार कमी दिसतात, कारण बऱ्याच जणांना अजून असंच वाटतं की दिव्यांग म्हणजे ज्याला हात-पाय नाही किंवा दिसत नाही तो, आपण तर चालतो फिरतो मग आपल्याला कोण देणार.

तर आधी हे क्लिअर करून घ्या. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, त्यात आपण कुठंच नव्हतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात रक्ताचे तीन आजार नावानिशी लिहिलेले आहेत: हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनसुद्धा त्यात आहेत. म्हणजे तुम्ही कुणाकडे दया मागायला जात नाही आहात, कायद्यात तुमच्या आजाराचं नाव आहे. काउंटरवर कुणी म्हणालं की "सिकलवाल्यांना हे नसतं" तर भांडू नका, शांतपणे सांगा की २०१६ च्या कायद्यात आहे, ऑनलाईन फॉर्ममध्ये पण रक्ताचे आजार असा प्रकार आहे तो उघडून दाखवा.

एक गोष्ट मात्र आधीच बघा, तुम्ही पेशंट आहात की वाहक. एएस पॅटर्न म्हणजे वाहक, त्याला प्रमाणपत्र मिळत नाही, त्रासही सहसा होत नाही. एसएस म्हणजे आजार. काही जणांना सिकल आणि बीटा थॅलेसेमिया असं दोन्ही मिळून असतं, तोही आजारच. आणि गावात कॅम्पमध्ये बोटातून रक्त घेऊन जी सोल्युबिलिटी टेस्ट करतात तिच्यावरून पेशंट का वाहक ते ठरत नाही, ती फक्त चाळणी आहे. तुमच्याकडे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीचा रिपोर्ट पाहिजे, या तपासण्यांत रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे ते कळतं. नसेल तर सगळ्यात आधी तो काढा, सरकारी दवाखान्यात मोफत होतो, तुमच्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात विचारा की सॅम्पल कुठं पाठवतात. रिपोर्टवर नाव आधारकार्डासारखंच आहे ना ते तिथंच बघून घ्या. माझ्या रिपोर्टवर घरचं लाडाचं नाव होतं, लहानपणी आईनं तेच सांगितलेलं, आणि ते दुरुस्त करायला मला वेगळ्या तीन चकरा पडल्या.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी सांगितली नाही.

आपला आजार बोर्डाच्या दिवशी, म्हणजे दवाखान्यात डॉक्टर तपासून टक्के ठरवतात त्या दिवशी, दिसत नाही. क्रायसिस, म्हणजे अचानक उठणारं असह्य दुखणं, आलेला असतो तेव्हा आपण पलंगावरून उठू शकत नाही, तेव्हा बोर्डात कोण जाणार. ज्या दिवशी जाता येतं तो बरा दिवस असतो, अंघोळ करून, केस विंचरून, चालत चालत डॉक्टरसमोर जाऊन बसतो, डॉक्टर बघतात तर समोर धडधाकट माणूस. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हातात फक्त इलेक्ट्रोफोरेसिसचा एक रिपोर्ट होता, बाकी आठ वर्षांचे भरती झाल्याचे कागद घरी पेटीत, काही उंदरांनी कुरतडलेले, काही हरवलेलेच. डॉक्टरांनी विचारलं वर्षात किती वेळा भरती झाली, मी म्हटलं "होते अधूनमधून." रक्त किती वेळा लागलं, "दोन-तीनदा असेल." बहुतेक योजनांना चाळीस टक्के लागतात, मला त्याच्या खूप खाली मिळाले आणि तेव्हा मला राग डॉक्टरांचा आला होता, पण त्यांच्यासमोर कागदच नव्हता तर ते लिहिणार तरी काय. टक्केवारी अशीच ठरते: वर्षभरात दुखण्याचे क्रायसिस किती, भरती किती वेळा, रक्त किती चढलं, हिमोग्लोबिन किती राहतं, आणि आजाराने अवयवांवर काय परिणाम झालाय, म्हणजे खुबा, डोळे, किडनी, फुप्फुस, मेंदू. या प्रत्येकाला कागद लागतो.

म्हणून अर्जाच्या आधी फाईल. ऑनलाईन फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो, फाईलला महिने लागतात, आणि टक्के फाईलवर ठरतात.

फाईलमध्ये सगळ्यात वर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट. त्याच्या खाली डिस्चार्ज कार्ड, तारखेप्रमाणे, नवीन वर. रक्त चढवल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे का बघा, बरेचदा नुसतं "उपचार केले" असं लिहून देतात, तर सुट्टी होताना तिथल्या सिस्टरला किंवा डॉक्टरला विनंती करा की किती पिशव्या लागल्या ते लिहा, तेव्हाच लिहून देतात, सहा महिन्यांनी कुणी देत नाही. जुने कार्ड हरवले असतील तर ज्या दवाखान्यात भरती होता तिथल्या रेकॉर्ड विभागात भरतीची तारीख आणि नंबर देऊन अर्ज करा, झेरॉक्स मिळते, वेळ लागतो पण मिळते. तारीख आठवत नसेल तर घरच्यांना विचारा, आमच्याकडे आईला सगळ्या भरत्या सणांवरून आठवतात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, अक्षय तृतीयेला, त्यावरून कॅलेंडर काढून आम्ही तारखा शोधल्या.

मग तुम्ही हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलचं रोजचं औषध, घेत असाल तर त्याच्या चिठ्ठ्या, रक्ताचे नेहमीचे रिपोर्ट, आणि जर कंबर किंवा मांडी सतत दुखत असेल, लंगडत असाल, खाली बसता येत नसेल, तर खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे वेगळं सांगते.

आणि एक वही. मी तिला दुखण्याची वही म्हणते. साधी दोनशे पानी, त्यात तारीख, कुठं दुखलं, किती दिवस, घरीच गोळीवर थांबलं की दवाखान्यात सलाईन लागली, त्या दिवशी काय काय करता आलं नाही. हे शेवटचं लिहाच. "धान कापणीला जाता आलं नाही", "पेपर बुडाला", "पोराला उचलता आलं नाही". बोर्डाला वही म्हणजे पुरावा नव्हे, पुरावा दवाखान्याचाच कागद, पण डॉक्टरांनी विचारलं की किती वेळा होतं तर तुम्ही वही उघडून सांगू शकता की मागच्या बारा महिन्यांत नऊ वेळा, त्यातले चार वेळा भरती, आणि त्या चार तारखांचे कार्ड हे बघा. असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहराच बदलतो, मी दुसऱ्या खेपेला बघितलंय. घरीच दुखणं काढलं तर त्याची नोंद कुठंच होत नाही हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे बायका तर अंगावरच काढतात. निदान गावातल्या आरोग्य केंद्रात जाऊन केसपेपर काढा, इंजेक्शन घ्या, केसपेपर जपून ठेवा.

फुगवून काही सांगू नका. खोटं प्रमाणपत्र किंवा खोट्या माहितीवर फायदा घेतला तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि गरजही नाही, आपलं खरं दुखणंच भरपूर आहे, ते नीट मांडलं की पुरतं.

फॉर्म कसा भरायचा

फॉर्म स्वावलंबन पोर्टलवर असतो, त्यालाच लोक यूडीआयडी म्हणतात. मोबाईलवरून पण होतो, जमत नसेल तर सेतूत किंवा सीएससी सेंटरला जा. अर्जाला सरकारी फी काहीच नाही, सेंटरवाला फॉर्म भरायचे थोडेफार घेतो ते वेगळं, पण कुणी "मी चाळीस टक्के करून देतो, इतके हजार द्या" म्हणाला तर तिथून उठून या. माझ्या ओळखीतल्या एका घरानं बकऱ्या विकून असे पैसे दिले, हातात कलर प्रिंट आली, ती पोर्टलवर कुठंच नव्हती.

लागणारी कागदं जास्त नाहीत: आधार, पासपोर्ट साईज फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि आजाराचा कागद. आधारला मोबाईल नंबर लिंक असायला हवा, ओटीपी त्यावरच येतो, आणि तो नंबर पुढे बदलायचा नाही कारण तारीख मिळाली, अर्ज परत आला, कार्ड तयार झालं, हे सगळं त्याच नंबरवर कळतं. शेजाऱ्याचा किंवा सेंटरवाल्याचा नंबर टाकू देऊ नका. लहान मुलाचा अर्ज असेल तर आईवडिलांची माहिती पण भरावी लागते. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही नीट बघा, एकदा सबमिट झालं की दुरुस्तीला फिरावं लागतं.

आजाराचा प्रकार निवडताना रक्ताचे आजार आणि त्यात सिकलसेल. ज्यांना खुब्याचा किंवा डोळ्याचा पण त्रास आहे त्यांनी तोही प्रकार निवडा, फक्त सिकल टाकून थांबू नका.

पुढे हॉस्पिटल निवडायचं असतं. इथं घाई करू नका. जवळचं ग्रामीण रुग्णालय दिसतं म्हणून ते टाकलं आणि तिथं सिकल तपासणारे फिजिशियनच नाहीत तर तिथून पुढे जिल्ह्याला पाठवतात आणि महिना जातो. आधी फोन करा किंवा कुणाला तरी विचारायला पाठवा की रक्ताच्या आजारांचं बोर्ड इथं बसतं का आणि कोणत्या वारी. प्रत्येक ठिकाणी वार ठरलेले असतात, डोळ्यांचा वेगळा, हाडांचा वेगळा.

सबमिट केल्यावर पावती मिळते, अर्जाचा नंबर असतो, तिची प्रिंट काढून फाईलला लावा आणि मोबाईलमध्ये फोटो पण काढून ठेवा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदललेत, आता प्रमाणपत्राचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आधी एक महिना होता. आणि दुसरं, अर्ज दोन वर्षं तसाच पडून राहिला तर तो आपोआप रद्द होतो, परत नव्यानं करावा लागतो. म्हणून अर्ज टाकून गप्प बसू नका, तारीख आली की जा, जमलं नाही तर तसं कळवून पुढची तारीख घ्या.

बोर्डाचा दिवस

हा दिवस म्हणजे आपल्यासाठी परीक्षाच. लाईनमध्ये तीन-चार तास उभं राहणं, पाणी कमी पिणं, सकाळी उपाशी निघणं, या सगळ्यानं क्रायसिस येऊ शकतो. मला स्वतःला एकदा तिथून थेट वॉर्डात न्यावं लागलं. त्यामुळे सांगते ते खरंच करा. सोबत एक माणूस न्या, जो लाईनला उभा राहील आणि तुम्ही बसाल. दोन लिटर पाणी घरून घ्या, लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका, बायका हेच करतात. भाकरी-भाजी, जे असेल ते खाऊन निघा आणि डबा घ्या. थंडीत स्वेटर, मोजे, कारण दवाखान्याचे व्हरांडे गार असतात. रोजच्या गोळ्या आणि दुखण्याची गोळी जवळ ठेवा. आपल्या विदर्भात मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या वर जातं, शक्य असेल तर तो महिना टाळून तारीख घ्या, नाहीच जमलं तर आदल्या दिवशी जाऊन नातेवाईकाकडे मुक्काम करा.

पहिल्यांदा केसपेपर काढायचा, मग अर्जाचा नंबर दाखवून नोंद, मग डॉक्टरांकडे. कधी ते परत रक्त तपासायला सांगतात, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येतो, मग परत चकर. फाईल ओरिजिनल दाखवा पण जमा करायला झेरॉक्सच द्या. दोन सेट झेरॉक्स न्या.

डॉक्टरांशी बोलताना आपल्या लोकांची एक सवय आहे, "बरं आहे साहेब" म्हणायची. डॉक्टरांनी विचारलं कसं आहे तर तोंडातून तेच निघतं. माझी आई पण बाजूला बसून म्हणाली, "आता बरी आहे जी, मागच्या महिन्यात लय झालं होतं." अहो मागच्या महिन्याचंच सांगायचं आहे! आज कसं आहे यावर टक्के नाहीत, वर्ष कसं जातं यावर आहेत. तर घरून ठरवून जा, चार वाक्यांत सांगायचं: वर्षात किती क्रायसिस, किती भरती, किती पिशव्या रक्त, आणि रोजच्या कामातलं काय जमत नाही. एवढं बोलून फाईल पुढे करायची. डॉक्टरांना पण शंभर पेशंट बघायचे असतात, तुमचं तुम्ही थोडक्यात मांडलं तर त्यांनाही सोपं जातं.

खुब्याचं वेगळं का सांगते ते आता. सिकलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होऊन हाड झिजतं, डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. अनेक सिकल पेशंटना वयाच्या पंचविशी-तिशीत हे होतं आणि ते "सिकलचंच दुखणं" म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात. एक्स-रे काढला, चालण्यावर परिणाम झालाय असं हाडांच्या डॉक्टरांना दिसलं, तर त्याचं अस्थिव्यंग म्हणून वेगळं मोजमाप होतं. मग सिकलचे टक्के आणि पायाचे टक्के एकत्र करतात. ते साध्या बेरजेनं होत नाही. मोठा आकडा आधी घ्यायचा, नव्वदमधून तो वजा करायचा, जे उरलं त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. म्हणजे ४० आणि ३० असेल तर ७० होत नाही, साधारण ५७ होतात. हे माहिती असलं की बोर्डानं कमी लिहिलं असा गैरसमज होत नाही.

पायाच्या नोंदीचा दुसरा फायदा नोकरीत आहे, आणि इथं मला मनापासून वाईट वाटतं. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे, पण ते ज्या गटांना आहे त्यात अंध-अल्पदृष्टी, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि त्याच्यासोबतचे काही, ऑटिझम-मानसिक आजार वगैरे आणि यातले एकापेक्षा जास्त असलेले एवढेच येतात. रक्ताचे आजार त्यात नाहीत. नुसत्या सिकलच्या प्रमाणपत्रावर त्या आरक्षणातून फॉर्म भरता येत नाही, भरला तर कागद तपासणीत बाद होतो आणि पोरं वर्ष-वर्ष अभ्यास करून शेवटी रडत परत येतात. पण एव्हीएनमुळे अस्थिव्यंगाचे चाळीस टक्के किंवा जास्त असतील तर त्या गटातून भरता येतं. म्हणून एक्स-रे काढा असं इतक्या वेळा सांगतेय. शिक्षणात मात्र तसं नाही, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणाच्या पाच टक्के जागा चाळीस टक्के आणि वरच्या सगळ्याच प्रकारांना आहेत, त्यात सिकल पण आलं, आणि वयात पाच वर्षं सूट. सहा ते अठरा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, शाळेमार्फत परीक्षा बोर्डाकडे आधीच अर्ज करायचा असतो, परीक्षेच्या तोंडावर नाही, तर नववीतच मुख्याध्यापकांना कागद देऊन ठेवा.

प्रमाणपत्र आलं, पुढे काय

पोर्टलवरून डाउनलोड करता येतं, कार्ड पोस्टानं घरी येतं. कार्डावर अक्षरं-आकडे मिळून अठरा खुणांचा नंबर असतो. नव्या नियमात रंग आहेत: चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. बहुतेक योजनांना चाळीस लागतात, म्हणून पांढऱ्या कार्डाचा उपयोग कमी.

टक्के कमी वाटले तर अपील करता येतं, निर्णयापासून नव्वद दिवसांच्या आत. अपीलात "मला कमी दिले" एवढंच लिहून काही होत नाही, कोणते कागद बघितले गेले नाहीत ते लिहायचं आणि जोडायचे. माझ्यासारखं तुमच्याकडे कागदच नव्हते असं असेल तर अपीलाच्या मागे लागण्यापेक्षा फाईल नीट करून परत तपासणीला अर्ज करणं बरं, मी तेच केलं, दीड वर्ष वही आणि कार्ड जमवले आणि मग गेले. अडचण आली तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणकडे दिव्यांगांचं काम बघणारे असतात त्यांना भेटा, त्याच्या वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं लेखी तक्रार करता येते.

आता पैसे. संजय गांधी निराधार अनुदान योजना, आपल्याकडे नुसतं निराधार म्हणतात. चाळीस टक्के आणि वरच्या दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झालेत, त्याआधी १,५०० होते. दिव्यांगांसाठी घरचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असावं लागतं, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. अर्ज तहसीलला, सेतूतून किंवा आपले सरकारवरून. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, वयाचा पुरावा, पासबुक. सगळ्यात जास्त अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकतात. तलाठ्याकडून चौकशी होऊन तो मिळतो, त्यात कुटुंबात कोण कोण धरलंय ते बघा, रेशनकार्डावर वेगळा राहणारा भाऊ असेल आणि त्याचं उत्पन्न तुमच्यात धरलं गेलं तर अर्ज बाद होतो. रेशनकार्ड आधी वेगळं करून घ्या, त्यालाही वेळ जातो. अर्ज मग तालुक्याच्या समितीपुढे जातो, समितीची बैठक कधी आहे ते तहसीलात विचारत राहा, दर पंधरा दिवसांनी एक चकर किंवा एक फोन.

पैसे आता थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत जाऊन एवढंच विचारा की माझ्या आधारला कोणतं खातं लागलंय, कारण पाच वर्षांपूर्वी उघडलेलं कुठलं तरी बंद पडलेलं खातं लागलेलं असतं आणि पैसे तिकडे जातात. आणि बायांनो, ज्यांना लाडकी बहीणचे १,५०० येतात त्यांना निराधार सुरू झाल्यावर दोन्ही मिळत नाहीत. दोन्ही चालू ठेवलं तर पुढे वसुलीची कटकट होऊ शकते, निराधारचे जास्त आहेत तर ते ठेवा आणि दुसरं स्वतःहून सोडा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद पडतात आणि लोकांना वाटतं सरकारनं बंद केले.

आणखी थोडं. ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसेवकाकडे तुमचं नाव दिव्यांगांच्या यादीत आहे का ते बघा, नसेल तर कार्डाची झेरॉक्स आणि अर्ज देऊन पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय कुठलाच कागद देऊ नका. एसटीत सिकलच्या पेशंटला मोफत प्रवासाची सवलत आहे, त्याला सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो, आणि दिव्यांगांची नेहमीची पंचाहत्तर टक्के सवलत वेगळी. रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीला जाताना सिकल पेशंटला पन्नास टक्के सूट मिळते, त्याचा ठरलेला फॉर्म असतो, डॉक्टरांनी सही-शिक्का करून द्यायचा आणि काउंटरवर दाखवायचा. नागपूरला महिन्याला जावं लागतं त्यांनी हा फॉर्म डॉक्टरांकडून मागून घ्याच, स्वतःहून बहुतेक कुणी देत नाही.

एक शेवटचं राहिलं, मुदत. प्रमाणपत्रावर कायमचं लिहिलंय की तात्पुरतं ते हातात आलं त्याच दिवशी वाचा. सिकलला बरेचदा तात्पुरतं देतात, म्हणजे ठराविक तारखेला ते संपतं आणि त्याच्यावर चालू असलेलं निराधार पण अडकतं. नूतनीकरणाला परत बोर्ड, परत तेच कागद, आणि निर्णयाला तीन महिने लागू शकतात, म्हणून मुदत संपायच्या चार महिने आधीची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा. माझी फेब्रुवारीत संपते, तर मी ऑक्टोबरला फॉर्म टाकणार आहे, आणि वही चालूच आहे, काल रात्रीची नोंद आज सकाळी केली: डावा गुडघा, दोन गोळ्या, चार वाजता झोप लागली.